माझा पतोला कुठे आहे

मार्च संपायला आला की जिन्याखालचा कूलर बाहेर निघतो. वर्षभराची धूळ, कोळ्यांची जाळी आणि मागच्या वर्षीचा, सुकून काड्या झालेला खस. नवा खस बसवायचा, खालच्या टाकीत पाणी भरायचं, पंप लावायचा. पंप आधी घशात काही अडकल्यासारखा गुडगुडतो, मग थेंब पडू लागतात आणि ओल्या वाळ्याचा वास घरभर होतो. या वासाने कुणाला माहेर आठवतं, कुणाला शाळेच्या सुट्ट्या. मला राग येतो. चांगला ताजा, काल भांडण झाल्यासारखा राग येतो, आणि मी तो येऊ देते.

कारण त्या पंपापाशी विश्वास भाऊजी बसलेले असतात. माझ्या नवऱ्याचे, श्रीकांतचे, थोरले भाऊ. मोठ्या सरकारी कारखान्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झाले, भोपाळच्या दुसऱ्या टोकाला, सोनागिरीला राहतात, आणि दरवर्षी या दिवसांत स्कूटरच्या डिकीत पाने-पकडी घालून अरेरा कॉलोनीत आमचा कूलर दुरुस्त करायला येतात. "मेकॅनिकला बोलवू नकोस, लुटतात लेकाचे," असं म्हणतात. मी चहा करते. कप खाली ठेवताना दरवर्षी एकच प्रश्न विचारते, "भाऊजी, माझा पतोला कुठे आहे?" आणि ते दरवर्षी हातातल्या पान्याने हॉलमधल्या काचेच्या टाकीकडे दाखवून म्हणतात, "तो काय."

त्या टाकीतला मासा पतोला नाही, चीतल आहे. आमचं भांडण एवढंच. एका माशावरून दोन घरं किती वर्षं ताणणार, असं श्रीकांत म्हणतो. ताणणार. मला ताणायचं आहे.

ज्यांनी हे मासे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. दोन्ही आपल्याकडच्या तलावांत, नद्यांत मिळतात. दोन्ही चपटे, सुरीच्या पात्यासारखे. पोटाखालून थेट शेपटीपर्यंत एकच लांब झालर, आणि पाठीवर पिसाएवढा एक छोटा पर. ती झालर सळसळत राहते आणि मासा अंग न हलवता पुढे जातो, मनात आलं तर तसाच मागेही येतो. इथवर दोघे भाऊ-भाऊ. पण पतोल्याची पाठ सरळसोट, जराशीच फुगलेली. चीतलच्या डोक्यामागे खोलगट बाक आणि मग एकदम कुबड. पतोल्याचं तोंड डोळ्याखाली संपतं, चीतलचा जबडा डोळा ओलांडून मागे जातो. एवढं तर मी कॉलेजात प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना तासाभरात शिकवते, आणि त्या शिकतात. भाऊजी शिकले नाहीत.

त्यांना शिकायची गरजच नव्हती, कारण त्यांच्याकडे त्यांचा शब्द होता. प्रिमिटिव्ह.

भाऊजींच्या हॉलमध्ये एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत टाकी होती. लोखंडी स्टँड त्यांनी स्वतः वेल्डिंग करून बनवलेला, वर काळा रंग, कुठे एक थेंब ओघळलेला नाही. शहरात मासे पाळणाऱ्यांचा एक क्लब आहे, भाऊजी त्यातले सगळ्यांत ज्येष्ठ. रविवारी क्लबची मंडळी यायची, सोफ्यावर दाटीवाटीने बसायची, वहिनी कांदेपोहे देऊन देऊन थकायच्या. टाकीत बिचिर असायचे, ज्यांना दुकानदार ड्रॅगन म्हणून विकतात. पाठीवर सुट्या परांची रांग, तळाशी सरड्यासारखे चालणारे. एक अरोवाना, वरच्या पाण्यात ताठ फिरणारा, सेवानिवृत्त साहेबासारखा. एक फुप्फुसमासा, दिवसभर झोपलेला. आणि ‘गार’ नावाचा एक. मगरीचं तोंड लावलेला हातभर लांब सांगाडा, अंगावर चिलखतासारखे खवले. तो हलायचा नाही. हलला की काहीतरी संपलेलं असायचं.

"हे सगळे प्रिमिटिव्ह," भाऊजी हात फिरवून सांगायचे. "डायनासोरच्या वेळचे. यांच्यापुढे बाकीचे मासे म्हणजे कालची पोरं."

क्लबमधला एकजण म्हणायचा, "अंकल, बस एक नाइफ फिश और आ जाए तो सेट पूरा."

मी तिथे मेथीचा लाडू हातात घेऊन बसलेली असायचे आणि तो खायचा सोडून बोलायला लागायचे. किती वेळा सांगितलं असेल. फुप्फुसमासा या टाकीतल्या कुठल्याही माशापेक्षा तुम्हाला, मला आणि बाहेर बांधलेल्या गाईला जवळचा आहे. बिचिर सगळ्यांपासून फार आधी वेगळा झाला. गारची शाखा तिसरीच. आणि अरोवाना न् पतोला हे तर रोहू-कतलाच्याच मोठ्या कुळातले, फक्त लवकर वेगळे निघालेले. जिभेवर हाडाचे दात, ही त्यांची घरची खूण. या सगळ्यांना एका पिशवीत कोंबायचं, का? तर दिसायला म्हातारे, हवा गिळतात, आणि छोटे मासे खातात म्हणून. आज जिवंत असलेला कुठलाच मासा जुना नसतो. गारच्या वंशाने जेवढा काळ काढला तेवढाच रोहूच्या वंशाने काढला आणि तेवढाच भाऊजींच्या. एखादं लक्षण जुनं असतं. अख्खा मासा जुना नसतो.

"तुझं पुस्तक दर पाच वर्षांनी बदलतं," भाऊजी हसून म्हणायचे. "आमचं पक्कं आहे. कोण कुणाबरोबर राहील, कोण काय खाईल, किती वाढेल. एवढं कळलं की झालं."

यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही, आणि याचाच मला जास्त राग येतो. मी बी.एस्सी.ला पाठ केलेले निम्मे गट पुढे मोडीत निघाले. चीतलचं शास्त्रीय नाव एकेकाळी पतोल्याच्याच घराण्यात होतं, मग त्याला वेगळं बिऱ्हाड थाटून दिलं. आम्ही लोक काचेच्या बरणीत मासा ठेवून पन्नास वर्षं वाद घालतो. पण आमचा वाद माशाला बघून होतो. भाऊजींची वर्गवारी कारखान्याच्या स्टोअरमधली होती. नट एका खणात, बोल्ट दुसऱ्या खणात, आणि ज्याचं काय करायचं ते कळत नाही ते सगळं शेवटच्या खणात.

माणसांचंही तेच. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझा खण ठरला. हे लोक पुण्याकडचे, सासऱ्यांच्या नोकरीमुळे भोपाळला आलेले. मी ग्वाल्हेरची. "ग्वाल्हेरची आहे, मराठी जरा हिंदी वळणाचं," असं भाऊजींनी आल्यागेल्याला सांगायचं ठरवून टाकलं. मी "लाइट बंद करून दे" म्हटलं की ते टेबलावर थाप मारून हसायचे. वहिनी इंदूरच्या, त्यांचा खण वेगळा, पण तोही खालचाच. भाऊजींचे दोन्ही मुलगे घरात "यार पप्पा, टेन्शन मत लो" असं बोलतात. त्यांच्यासाठी मात्र खण केलेला नाही.

पतोला माझ्याकडे आला तो बोटाएवढा. मोठ्या तलावाकाठी मासेवाल्याच्या घमेल्यात दुसऱ्या छोट्या माशांच्या पिल्लांबरोबर चुकून आलेला, कडेला पडून तोंड उघडझाप करत होता. मासेवाला म्हणाला, "मैडम, ये तो पतोला है, इसमें काँटे ही काँटे हैं, क्या करोगी." मी पाण्यासकट पिशवीत घेतला. हॉलमध्ये टाकी होतीच, कॉलेजमधून काढून टाकलेली. त्यात एक पीव्हीसी पाइपचा तुकडा टाकला. पतोला त्या पाइपात शिरला, आणि पुढची आठ वर्षं बहुतेक तिथेच राहिला.

लोक मासे पाळतात ते कौतुकासाठी. माझ्या पतोल्याने कौतुक करून घेतलं नाही. दिवे मालवले की बाहेर यायचा, टाकलेली कोळंबी खायचा, दिवा लागला की पाइपात. मी पाण्यात हात घातला की झालर उलटी सळसळवून मागे मागे जायचा, तोंड माझ्याकडे ठेवून, म्हणजे मी काय करते ते दिसावं. मी त्याच्यापुढे बसून उत्तरपत्रिका तपासायचे. एखादे वेळी मान वर केली तर पाइपाच्या तोंडाशी त्याचा डोळा दिसायचा. तेवढ्यावर माझं भागायचं. आमची मुलगी मुक्ता म्हणायची, "आई, याला तू आवडत नाहीस." मी म्हणायचे, नसू दे. पण ते खरं नव्हतं. मला त्याने एकदा तरी माझ्या हातून खावं असं फार वाटायचं, रोज वाटायचं.

आणि तो उन्हाळा आला. मुक्ता पुण्यात होती, तिला दिवस गेलेले. मार्चअखेर तिच्या डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली, उठायचं नाही, बसायचं नाही. मी कॉलेजमधून रजा काढली. परीक्षांचे दिवस, प्राचार्यांच्या कपाळावर आठी, पण काढली. श्रीकांत तेव्हा गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात होता, महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी. त्याच्यावर घरातली तुळससुद्धा सोपवता येत नाही. पतोल्याला सोनागिरीला नेण्यावाचून इलाज नव्हता.

बादलीत झाकण लावून, रिक्षात मांडीवर धरून नेला. रस्त्यावर काटेसावरीची लाल फुलं चिरडून पडली होती. भाऊजींनी बादलीत डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वा! आता माझा सेट पूर्ण झाला."

"सेट नाही भाऊजी," मी म्हटलं. "याला वेगळ्या टाकीत ठेवा. गारबरोबर अजिबात नको."

"अगं, दोन्ही प्रिमिटिव्हच. करोडो वर्षं एकत्र काढली आहेत त्यांनी."

"गार अमेरिकेतला आहे. यांची एकमेकांशी आत्ता गाठ पडते आहे, तुमच्या हॉलमध्ये."

"बरं बाई, वेगळ्या. तू जा निवांत, मुलीकडे बघ."

वहिनी मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी बघते ना त्याच्याकडे, तू टेन्शन घेऊ नको." मी निघाले. दुपारची गाडी होती.

पुण्यातले ते महिने मला नीट आठवत नाहीत, आणि जे आठवतं ते नको असतं. पहिल्याच आठवड्यात मुक्ताला दवाखान्यात ठेवावं लागलं. हिरवट रंगाची भिंत, लोखंडी बाक, दर थोड्या वेळाने ढकलत नेलेली ट्रॉली. कॅन्टीनच्या चहाला फिनेलचा वास. मुक्ता डोळे मिटून पडलेली असायची आणि मी तिच्या पोटाकडे बघत बसायचे. घरी पाणी घालायला कुणी नाही, माझ्या कुंड्या जळून गेल्या असणार, असले फालतू विचार डोक्यात यायचे, कारण मोठा विचार करवत नव्हता.

दर रविवारी मी कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन भाऊजींना फोन करायचे. आणि भाऊजी, जे एरवी फोनवर "हो, ठीक, ठेवतो" याच्या पुढे जात नाहीत, ते पतोल्याबद्दल बोलायला लागले की थांबत नसत. मस्त आहे. झिंगे खातो. अंगाने भरला आहे. मग एका रविवारी म्हणाले, "सुनंदा, तुझा मासा एकदम माणसाळला बघ. मी जवळ गेलो की काचेशी येतो. हातातून झिंगा घेतो!"

मी म्हटलं, "हो का? छान."

फोन ठेवला आणि मी त्या लोखंडी बाकावर बसले. पलीकडच्या खोलीत माझी मुलगी जगते की नाही, तिचं बाळ जगतं की नाही हे कुणी सांगत नव्हतं, आणि मी एका माशावरून जळत होते. आठ वर्षं मी हात घातला की तो मागे जायचा. आठ वर्षं! आणि या माणसाकडे, ज्याला त्याचं नाव धड माहीत नाही, जो त्याला शेवटच्या खणात टाकतो, त्याच्या हातून तो महिन्याभरात खायला लागला. मला भाऊजींचा असा द्वेष वाटला की आजही तो बाक, ती भिंत आठवली की छातीत गरम होतं. पुढच्या रविवारी मी फोन करणार नाही असं ठरवलं. पण केला. ते ऐकल्याशिवाय मला राहवत नव्हतं. त्या आठवड्यांत तेवढी एकच गोष्ट कुठेतरी ठीक चालली होती, आणि मला तिचाच राग येत होता.

बाळ आलं, वेळेआधी आलं, पण आलं. मुक्ता सावरली. नात आता शाळेत जाते आणि फोनवर मला दटावते. तेव्हा ती काळजी वाचकांनी करू नये.

मी परत आले जुलैच्या चिकचिकीत. दुसऱ्याच दिवशी सोनागिरीला गेले, श्रीकांतला बरोबर घेऊन. भाऊजींनी खरोखरच वेगळी टाकी मांडली होती, स्वच्छ पाणी, नवा पंप, पाइपसुद्धा. मी पेढ्यांचा डबा वहिनींच्या हातात दिला आणि टाकीपुढे वाकले. मासा सळसळत पुढे आला आणि काचेला तोंड लावून माझ्याकडे बघत राहिला.

कुबड. डोक्यामागे बाक. जबडा डोळ्याच्या मागे गेलेला.

"हा कोण?" मी विचारलं.

भाऊजी हसले. "कोण म्हणजे? तुझाच. ओळखलं नाहीस?"

"हा चीतल आहे, भाऊजी."

"चार महिन्यांत वाढला. मी खाऊ घातलं तसं. तुझ्याकडे उपाशी होता बिचारा."

"वाढल्याने कुबड येत नाही. जबडा डोळ्याच्या पलीकडे सरकत नाही. माझा पतोला कुठे आहे?"

"तू पुस्तकात बघतेस सुनंदा," भाऊजींचा आवाज चढला, "मी माशात बघतो. नाइफ फिश तो नाइफ फिश. हाच तो."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या पेढ्यांचा डबा घेऊन आत गेल्या, आणि बराच वेळ स्वयंपाकघरात नळ चालू राहिला. मी श्रीकांतकडे पाहिलं. त्याने टाकीत डोकावून पाहिलं, एकदा भावाकडे, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाला, "असेल गं. पाणी बदललं की फरक पडत असेल."

अठ्ठावीस वर्षं मी मुलींना सांगत आले की माशाला ओळखायचं असेल तर त्याच्याकडे बघा. आणि त्या हॉलमध्ये माझ्याच माशाबद्दल मला सांगितलं जात होतं की तुला ओळखता येत नाही. माझ्या नवऱ्याने सांगितलं! तिथे मी ओरडले असते तर बरं झालं असतं. मी ओरडले नाही. बादली मागितली, चीतल घातला, मांडीवर घेऊन घरी आले. तलावातला मासा त्या गारच्या शेजारी सोडून यायला मन झालं नाही, एवढंच. रिक्षा खड्ड्यातून गेली की पाणी साडीवर सांडत होतं आणि मी मनातल्या मनात भाऊजींना ज्या शिव्या देत होते त्या ग्वाल्हेरच्या होत्या, अस्सल.

तेव्हापासून हे चालू आहे. त्यांच्याकडे गणपतीला जायचं, टाकीकडे पाठ करून बसायचं. ते आमच्याकडे आले की चीतलपुढे बोट हलवणार, चीतल कुत्र्याच्या पिल्लासारखा काचेशी धावणार, आणि ते सगळ्यांना सांगणार, "बघा, मी शिकवलंय याला." आल्यागेल्यासमोर मी म्हणणार, "हा तो मासा नाही." लोक ओशाळं हसतात. मला भांडकुदळ समजतात, ते मला माहीत आहे. समजोत. मला फक्त एक वाक्य हवं होतं. तुझा मासा माझ्याकडे मेला. कधी मेला आणि कसा मेला. शास्त्र सोडा, साध्या शेजाऱ्याची कोंबडी मेली तरी माणूस येऊन सांगतो.

आणि त्या वाक्याच्या मागे दुसरं एक होतं, ते मी कुणाला बोलले नाही. तो मेला असेल महिन्याने, दोन महिन्यांनी. त्याआधी तो भाऊजींच्या हातून खात होता. मला जे त्याने दिलं नाही ते त्यांना देऊन गेला. चीतलला कोळंबी घालताना हे माझ्या डोक्यात यायचंच. चीतल हातातून घ्यायचा, हावरटासारखा, बोटं चावायचा. मी त्याचा दुस्वास करायचे आणि रोज पाणी बघायचे, दोन्ही.

गार मोठा होत गेला. भिंतीभर टाकीतही त्याला वळता येईना. क्लबवाल्यांनी सल्ला दिला, "अंकल, बड़े तालाब में छोड़ दो, आज़ाद हो जाएगा." भाऊजींनी हे मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "सोडा. मग मी स्वतः जाऊन तुमची तक्रार करते." त्या तलावात माझ्या पतोल्याचे भाऊबंद आहेत, आणि त्यांनी गार कधी पाहिलेला नाही. भाऊजी म्हणाले, "तू करशील, मला खात्री आहे." आणि सोडला नाही. एवढं त्यांच्या बाजूने लिहिते.

गेल्या थंडीत तो गार मेला. भाऊजींचे गुडघे गेले होते, पाणी बदलणं झालं नव्हतं. त्यांनी मला फोन केला, "कॉलेजला हवा का?" मी कर्मचारी पाठवला. गार फॉर्मलिनमध्ये गेला तेव्हा भाऊजी आले होते, कोपऱ्यात उभे होते. म्हणाले, "तुम्हा लोकांना मासा मेल्याशिवाय ओळखता येत नाही." मी म्हटलं, "आणि तुम्हाला ओळखल्याशिवाय मारता येतो." नंतर कळलं की बाकीचे मासेही त्यांनी वाटून टाकले, आणि टाकीच्या जागी वहिनींनी शिलाई मशीन ठेवलं.

या मार्चमध्येही ते कूलरसाठी आले. खाली बसवेना, म्हणून मी स्टूल दिलं. पंप उघडून त्यातला गाळ काढत होते. मी चहा ठेवला आणि विचारलं, सवयीने, खरं तर आता जोरही नव्हता त्यात.

"भाऊजी, माझा पतोला कुठे आहे?"

त्यांनी पाना उचलला नाही.

"पहिल्याच दिवशी गेला," ते म्हणाले.

मला कळलं नाही. "काय?"

"तू गाडीत बसलीस त्या दुपारी. मोठ्या टाकीत सोडला. म्हटलं, सेटचा एक फोटो काढू आणि लगेच वेगळा करू. मी मोबाइल आणायला आत गेलो." ते कूलरच्या आत बघून बोलत होते. "रविवारी तुझा फोन आला, मुक्ताला दवाखान्यात घातलं म्हणून. तू रडत होतीस. तेव्हा काय सांगणार होतो? मग तलावावरून हा आणला. जे सांगायचो ते याचंच. हा खरंच खायचा हातातून."

वर्षानुवर्षं मी या क्षणासाठी शब्द जमवून ठेवले होते. पुस्तकी म्हणालात, भांडकुदळ ठरवलंत, नवऱ्यासमोर खोटं पाडलंत. सगळे तयार होते, क्रमाने. त्यातला एकही आला नाही, कारण त्याआधी दुसरंच काहीतरी आलं. मला आनंद झाला. लिहायला बरं वाटत नाही, पण आनंदच. माझा मासा त्या गारच्या जबड्यात गेला होता, आणि मला पहिलं सुचलं ते हे, की म्हणजे त्याने त्यांच्या हातून कधीच खाल्लं नव्हतं. तो त्यांच्याकडे गेलाच नव्हता. वाईट वाटलं ते मागाहून, भांडी लावताना, आणि मग पुष्कळ वाटलं.

भाऊजींनी पंप बंद केला, स्क्रू आवळले, हात पुसले. चहा निवला होता, तो तसाच प्यायले. मग वर बघून विचारलं, "रागावलीस?"

"हो," मी म्हटलं.

त्या क्षणी मी रागावलेली नव्हते. पण ते त्यांना कळावं अशी माझी मुळीच इच्छा नव्हती.